नोकरी करणाऱ्या मुलीची दिवाळी: तिकिटापासून तुळशीच्या लग्नापर्यंत

शहरात खोली किंवा छोटा फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलीच्या वाट्याला दिवाळी दोनदा येते. एकदा खोलीवर, मैत्रिणींबरोबर, ऑफिसच्या धावपळीत. दुसऱ्यांदा गावी, आईच्या घरी. दोन्हीकडे ती अर्धीच होते. इथे वेळ नसतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत आईने सगळं उरकलेलं असतं. मग चार दिवस पाहुण्यासारखे जातात आणि परतीच्या गाडीत वाटत राहतं की आपण दिवाळी पाहिली, केली नाही.

हे टाळता येतं. त्यासाठी घरातल्या बायका वर्षानुवर्षं करत आल्या ते सगळं एकटीने करायची मुळीच गरज नाही. दोनच गोष्टी स्वतःच्या हाताने करायच्या, पण नीट करायच्या. बाकीच्या वाटून घ्यायच्या किंवा सरळ विकत आणायच्या. माझ्या मते त्या दोनांपैकी एक खायची असावी आणि एक दारात टांगायची. पुढे त्या दोन्ही सविस्तर सांगते. पण काम सुरू होतं त्याच्या कितीतरी आधी.

आधी कॅलेंडर, मग तिकीट

तारखा दरवर्षी नव्याने बघाव्या लागतात, कारण दिवाळी तिथीवर चालते आणि तिथी कधी एकत्र येतात, कधी मध्ये फट पाडतात. २०२३ मध्ये नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही १२ नोव्हेंबरला आले. मग १३ तारीख मोकळी गेली, पाडवा १४ला आणि भाऊबीज १५ला. २०२५ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, उत्तरेत अनेक ठिकाणी मात्र २०लाच दिवाळी झाली. तुझ्या कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असेल, तर सुट्ट्यांच्या यादीतली ‘दिवाळी’ आपल्या लक्ष्मीपूजनाचीच आहे ना, हे एकदा तपासून घे. भाऊबिजेची सुट्टी तर बऱ्याच खासगी कंपन्यांत नसतेच. ती मागून घ्यावी लागते.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. म्हणजे गणपतीच्या सुमारासच दिवाळीचं तिकीट डोक्यात हवं. खिडकी सकाळी ८ वाजता उघडते आणि गर्दीच्या गाड्या तेव्हाच भरतात, म्हणून प्रवाशाचं नाव, वय वगैरे आदल्या रात्रीच खात्यात भरून ठेव. परतीचं तिकीट वेगळ्या दिवशी उघडतं, त्याचाही गजर लाव. जायचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात परतीचं विसरणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात. तत्काळचा भरवसा धरू नकोस. धरायचाच असेल तर एसीसाठी आदल्या दिवशी १० आणि बिगर-एसीसाठी ११ वाजता बसावं लागतं, आणि ऑनलाइन खातं आधारशी जोडलेलं लागतं.

एसटीचा पर्याय मात्र मुलींनी पहिल्यांदा बघावा. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत राज्याच्या हद्दीत महिलांना अर्धं तिकीट आहे, गाडी साधी असो की शिवनेरी. खासगी बसनी या दिवसांत मनमानी भाडं सांगितलं, तर एक नियम लक्षात ठेव: त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीहून जास्त त्यांना घेता येत नाही. तिकिटाचा स्क्रीनशॉट ठेव आणि आरटीओकडे तक्रार कर.

रजेचा अर्ज तिकिटाच्याच दिवशी टाक. टीममध्ये कुणाला नाताळात किंवा ईदला रजा हवी असेल, तर आत्ताच बोलून ठेव की तेव्हा मी थांबते, दिवाळीत तू थांब. अशी अदलाबदल साहेबांनाही सोयीची असते.

पैशांची वही

बोनस हाती यायच्या आधीच तो कुठे जाणार हे लिहून काढ. प्रवास, फराळाचं सामान, आई-बाबांसाठी काही, भावंडांसाठी काही, स्वतःचे कपडे. आणि एक ओळ जी शेवटी आठवते, पण सगळ्यात वर हवी: खोलीवर झाडू-पोछा, स्वयंपाक करणाऱ्या मावशी. अनेक घरांत त्यांना दिवाळीला एक महिन्याचा पगार जास्त देतात. तिघी-चौघी मिळून राहत असाल तर तो सहज वाटला जातो. हा पैसा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी देऊन उपयोग नाही, त्यांनाही बाजार करायचा असतो. आठ दिवस आधी दे.

धनत्रयोदशीला स्वतःच्या पगारातून पहिलं सोनं घ्यायची हौस असेल तर जरूर घे, त्यातला आनंद वेगळाच असतो. दागिन्यावर हॉलमार्कबरोबर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक हवा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर दुकानातच तपासता येतो. २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला मात्र ही सक्ती नाही, आणि पहिल्या खरेदीत आपण बहुतेक तेवढंच घेतो. म्हणून तिथे बिलावर शुद्धता आणि वजन स्पष्ट लिहून घे. घडणावळ किती टक्के, हा प्रश्न विचारायला लाजू नकोस.

कपडे, पणत्या, रांगोळीसाठी बाजारात जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी दुकानं उघडतात तेव्हा. दिवाळीआधीच्या शनिवार-रविवारी संध्याकाळी दादर किंवा तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते. मुंबईत असशील तर पणत्यांसाठी धारावीच्या कुंभारवाड्यात जा, घडवणाऱ्यांकडूनच मिळतात. साध्या मातीच्या पणत्या आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेव आणि वाळवून घे, म्हणजे त्या तेल कमी पितात.

खायची गोष्ट: चिवडा

पहिल्यांदा फराळ करणारीने चकलीला हात घालू नये असं मला वाटतं. भाजणी, मोहन (पिठात घालायचं गरम तेल), पाणी आणि तळणीच्या तेलाचं तापमान अशा चार गोष्टी एकाच वेळी जमवाव्या लागतात. (घरी आईबरोबर करशील तेव्हासाठी एवढं ध्यानात ठेव: चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं, पाडताना तुटली तर पीठ घट्ट झालं.) अनारशांचं तर बोलूच नये. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग गुळात कालवून पीठ मुरवायचं. ते महिला बचत गटाकडून विकत घे, त्यांच्या हाताला चव असते आणि पैसा योग्य घरी जातो.

पातळ पोह्यांचा चिवडा मात्र एका शेगडीवर, एका मोठ्या कढईत, ऑफिसहून आल्यावर दीड तासात होतो.

अर्धा किलो पातळ पोहे चाळून घे. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास कडक उन्हात कापडावर पसर. ऊन येत नसेल तर तीन-चार खेपांत मंद आचेवर कोरडेच भाज. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त ओल घालवायची. चिमटीत चुरगळल्यावर कुरकुरीत भुगा झाला की पोहे तयार.

शेंगदाणे आणि डाळं प्रत्येकी एक वाटी, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप अर्धी वाटी, आवडीप्रमाणे काजू, सात-आठ हिरव्या मिरच्या, दोन मुठी कढीपत्ता. कढीपत्ता धुऊन पुसून कोरडा करायला विसरायचं नाही. कढईत पाऊण वाटी तेल तापव. आधी शेंगदाणे मंद आचेवर खरपूस तळून बाजूला काढ, मग डाळं, मग खोबरं. खोबरं पटकन काळं पडतं, बदामी रंग दिसताच काढ. त्याच तेलात मोहरी, हिंग, मग मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता.

आता घाई करायची नाही. चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो तो बहुतेक वेळा मिरचीतल्या पाण्यामुळे. मिरची आक्रसून कडक होईपर्यंत आणि कढीपत्ता मोडल्यावर कटकन तुटेपर्यंत मंद आचेवर थांब. मग गॅस बंद करून हळद आणि मीठ तेलातच घाल, म्हणजे सगळीकडे सारखं लागतं. पोहे आणि तळलेलं सगळं घालून दोन उलथन्यांनी खालून वर, हलक्या हाताने हलव. जोर लावलास तर भुगा होईल. पुन्हा मंद आचेवर पाच मिनिटं परत. कोमट झाल्यावर दोन-तीन चमचे पिठीसाखर. डब्यात भरायचा तो पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर झाकणाला वाफ धरते. दोन-तीन आठवडे छान टिकतो.

गोड हवंच असेल तर बेसनाचे लाडू. दोन वाट्या जाडसर लाडू बेसन पाऊण वाटी साजूक तुपात मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं भाज. सुरुवातीला गोळा होतो आणि तूप कमी पडलं असं वाटतं, पण वाढवू नकोस, भाजत आलं की पीठ आपोआप सैल होतं. खमंग वास सुटला की चमचाभर दुधाचा हबका मार, त्याने लाडू रवाळ होतो. पिठीसाखर सव्वा वाटी, पण मिश्रण कोमट झाल्यावर. गरमात घातली तर लाडू बसतात. पंधराएक होतील.

खोलीत तिघी असाल तर तिघींनी तेच तेच करण्यापेक्षा एकीने चिवडा, एकीने लाडू, एकीने शंकरपाळे. मग डबे वाटून घ्या. तेल अंगावर उडालं, तर भाजलेली जागा नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धर. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, हातावर असेल तर थेट डॉक्टर.

दारातली गोष्ट: आकाशकंदील

प्लॅस्टिकचा कंदील दहा मिनिटांत विकत मिळतो. तरी हा हाताने कर, कारण दिवाळीतल्या सगळ्या कामांत एवढ्या कमी खर्चात एवढं समाधान देणारं दुसरं काम मला माहीत नाही. एक रविवार दुपार पुरते.

बांबूच्या सारख्या लांबीच्या २४ काड्या घे. चार-चार काड्यांचे दोऱ्याने बांधून सहा चौकोन कर. बाल्कनीसाठी काडी २० सेंटीमीटरची पुरे, कंदील साधारण २८ सेंटीमीटर उंच होतो. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेव. त्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक चौकोन कोपऱ्यावर उभा करून बांध, म्हणजे ते पतंगासारखे दिसतील. शेजारच्या पतंगांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांध. वरच्या चार टोकांना सहावा चौकोन आडवा बांधला की सांगाडा झाला. मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी काडी लागत नाही. प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब टाक आणि रात्रभर वाळू दे. बांधताना सांगाडा डुगडुगतो, पण गाठी वाळल्यावर घट्ट होतो.

बाजूच्या चार चौकोनांना एका रंगाचा पतंगाचा किंवा जिलेटिनचा कागद लाव, त्रिकोणांना दुसऱ्या. कागद सगळीकडून एक सेंटीमीटर मोठा काप आणि कड काडीवर दुमडून चिकटव. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेव. वरून दिवा सोडायचा आणि हवा खेळती राहायची. खालच्या चौकोनाला झिरमिळ्यांच्या शेपट्या. आत पाच-सात वॅटचा एलईडी दिवाच हवा, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेटू शकतो. वायर उघडी नको, आणि कंदील वायरवर न टांगता वरच्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या सुतळीवर टांग. ऑक्टोबरात संध्याकाळी अचानक सर येते, म्हणून छज्ज्याच्या आत लाव.

पाळी आली तर

याविषयी मुली एकमेकींना कुजबुजत विचारतात, म्हणून उघड लिहिते. दिवाळीच्या तारखा आणि पाळीची तारीख जुळायला लागली की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी परस्पर आणली जाते. ही नॉरएथिस्टेरॉनसारखी संप्रेरकाची गोळी असते, साधारण अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. शरीरात कधी रक्ताची गाठ झाली असेल, यकृताचा त्रास असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल, तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, मैत्रिणीच्या चिठ्ठीवर तर नाहीच.

त्याहून महत्त्वाचं मला हे वाटतं की घरातल्या पूजेसाठी शरीराचं चक्र पुढे ढकलायचं कारणच नाही. आईशी आधीच, फोनवर, शांतपणे बोल. अनेक आया ऐकतात. त्यांच्यावर हे कुणीतरी लादलेलं असतं आणि मुलीने विषय काढायची त्या वाट बघत असतात. नाहीच पटलं, तरी रांगोळी, कंदील, किल्ला, भाऊबीज यांतून तुला कुणी उठवू नये, एवढं तरी ठामपणे सांग.

ते पाच-सहा दिवस

वसुबारसेला बहुतेक ऑफिसं चालूच असतात. संध्याकाळी पहिली पणती लावली, दारात चार ठिपक्यांची रांगोळी काढली, खूप झालं. खोलीवरची दिवाळी करायला हाच दिवस उत्तम, कारण दुसऱ्या दिवसापासून एकेक जण गावी निघते. सगळ्यांनी आपापले डबे उघडा.

ऑफिसात याच आठवड्यात पारंपरिक वेशाचा दिवस असतो. पणत्यांच्या जवळ सुती कपडे, ओढणी पिन लावून किंवा कमरेला बांधून. जॉर्जेट-नायलॉन आचेने वितळतं आणि अंगाला चिकटतं. केस मोकळे सोडून पणतीवर वाकायचं नाही.

खोली बंद करून निघण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद, फ्रीज रिकामा, कचरा बाहेर, कंदिलाचं बटण बंद. शेजारच्या काकूंना परतायची तारीख सांग.

धनत्रयोदशीला धणे आणि गुळाचा नैवेद्य, आणि संध्याकाळी कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून यमदीपदान. प्रवासात असशील तर घरी कुणीतरी लावेल, मनाला लावून घेऊ नकोस.

नरक चतुर्दशीची पहाट मात्र चुकवू नये. आदल्या रात्री गप्पा कितीही रंगल्या तरी अकराला झोप. तिळाचं तेल कोमट करून डोक्यापासून पायापर्यंत कुणाकडून तरी चोळून घे. हे स्वतःचं स्वतः करण्यात मजा नाही. उटणं नवं असेल तर दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ, आंबेहळद किंवा संत्र्याची साल एखादीला चुरचुरते. चेहऱ्यावर घासू नकोस, दुधात कालवून लाव आणि धुऊन टाक. आंघोळीनंतर पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, मग फराळ.

त्यानंतरची सकाळ तरुण पोरांची असते. डोंबिवलीत गणपतीचं दर्शन घेऊन फडके रोड, ठाण्यात राम मारुती रोड आणि तलावपाळी, पुण्यात सारसबाग. गावोगावी दिवाळी पहाटेच्या मैफली असतात, पास आधी मिळवावे लागतात. गर्दीत जाताना भेटायची एक जागा ठरवून ठेव, कारण फोन लागत नाहीत. सोन्याची साखळी घरी ठेव. कुणी धक्के मारायला लागलं तर गप्प बसू नकोस, मोठ्याने बोल, पोलीस जवळच असतात, आणि ११२ आहेच.

लक्ष्मीपूजन संध्याकाळी असतं आणि त्याची मांडणी तू मागून घे. आईला म्हण, “आज पूजा मी मांडते, तू बस.” पाटावर लाल कापड, तांदळाच्या राशीवर कलश, नवी केरसुणी हळदकुंकू लावून, हिशोबाची वही, थोडी नाणी, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य. तुझ्या पगाराची पहिली चिठ्ठी किंवा कामाचा लॅपटॉप पूजेत ठेवायला काहीच हरकत नाही, तुझी लक्ष्मी तिथूनच येते.

या चार दिवसांत “यंदा लग्नाचे लाडू कधी देणार?” हा प्रश्न येणारच. आत्या, मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांकडून. भांडायचं नाही आणि स्पष्टीकरणही द्यायचं नाही. “ठरलं की तुम्हाला आधी सांगेन” हे एकच वाक्य, प्रत्येकीला, हसून. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. बोलणं पुढे सरकत नाही म्हटल्यावर विषय बदलतो. एखादीला खरंच काळजी असेल आणि तुलाही मन मोकळं करावंसं वाटत असेल, तर तिच्याशी स्वतंत्र बस, चारचौघांत नाही.

आणि घरात भाऊ असेल तर ताटं उचलायला, भांडी विसळायला त्यालाही हाक मार. तूही नोकरी करून, रात्रभर प्रवास करूनच आलेली असतेस. आईला हे सांगायला जड जातं, तुला तेवढं नाही.

पाडव्याला बाबांना ओवाळ. अनेक घरांत मुली ओवाळतात, तुमच्याकडे नसेल तर सुरू कर. भाऊबिजेला भाऊ परदेशी असेल तर वेळ आधी ठरव, तिकडे त्याचं ऑफिस असतं. भाऊ नसेल तर चंद्राला ओवाळायची जुनी रीत आहे, आणि बहिणी-बहिणी एकमेकींना ओवाळतात तेही सुंदर दिसतं. ओवाळणीत काय हवं ते विचारलं तर संकोच न करता सांग. दिवाळी अंकांचा संच मागितलास तर वर्षभर पुरेल. मराठीत ही परंपरा १९०९ पासूनची आहे.

परत आल्यावर

परतीचा प्रवास भाऊबिजेच्या रात्रीचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नकोस. आईने दिलेल्या डब्यांतून करंज्या आणि ओल्या नारळाचं काही असेल ते आधी संपव, चिवडा आणि शंकरपाळे मागे राहिले तरी चालतात. ऑफिसात नेलेला डबा ज्यांना घरी जाता आलं नाही त्यांच्यापुढे पहिल्यांदा उघड: रात्रपाळीचे सहकारी, गेटवरचे काका, कँटीनमधली मुलं.

कंदील लगेच उतरवायचा नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत, बरेच जण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. उतरवताना कागद फाडून टाक, सांगाडा जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटावर ठेव. पुढच्या वर्षी फक्त कागद लागेल.